विम्याच्या अर्जातलं लग्न

मी विमा एजंट, पण माझ्यामुळे एक लग्न लागलंय, ठाऊक आहे का तुम्हाला? काठी गावाकडच्या डोंगरात रायसिंगच्या घरी त्याचा अर्ज भरत होतो. बायको बोंदरी चुलीपाशी, दोन्ही पोरं अंगणात. मी सहज विचारलं, "लग्न झालंय ना?"

"नाही."

माझ्या तोंडून एकदम अहिराणीच निघाली, "मंग हाई कोन शे?"

"बायको. दोन्ही घरच्यांना मान्य आहे. फक्त लग्नाचे विधी आणि गावजेवण राहिलंय. आमच्याकडे पैसे जमेपर्यंत बऱ्याच जणांचं राहतं."

"मग विवाहितच लिहितो. कोण बघतंय?"

"खोटं नको, साहेब. उद्या मला काही झालं आणि हिला विचारलं, लग्न कधी झालं, तर ही काय सांगेल?"

बोंदरी ताडकन उठली. "मग करून टाक ना लग्न!"

रायसिंग लाजून लाल झाला.

होळीनंतर खरंच लग्नाचा बार उडाला. आईबापाच्या वरातीत पोरं सगळ्यांच्या पुढे नाचत होती. मी जेवायला बसलो, तर गावातल्या दोन-तीन बायका येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या माणसांचाही विमा काढा. आणि लग्नाचं जरा मोठ्यानं विचारा!"