तिकिटावरचं नाव

नंदुरबार स्टँडवर सारंगखेड्याच्या बसच्या रांगेत कुंदन उभा होता. त्याच्या मागे त्याची आई, भिकुबाई, एका अनोळखी बाईशी बोलत होती.

"सुरतथीन विमानमा जानार व्हतूत. बाकीना गयात, आम्ही मायलेक परत उनूत."

"का हो, मावशी?"

"तिकीटवर येक नाव, आधारवर दुसरं. सोडं नही त्यासनी."

"मग नाव बदलून घ्यायचं ना!"

"विमानवाला म्हने, जठे तिकीट काढं तठे इचारा. वेबसाइटवाला म्हने, विमानवालाले इचारा."

"म्हणून थेट कंपनीकडूनच काढावं. चूक कुणाची?"

"मन्हीच. मीच तसं सांगेल व्हतं."

कुंदनची मान खाली गेली. आजीची आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून ही तरी जगावी यासाठी पाच घरची भीक मागून तिने आईचं 'भिकुबाई' हे नाव ठेवलं होतं. सोबत निघालेल्या आपल्या सासरच्यांच्या नावांखाली ते दिसू नये म्हणून कुंदननेच 'भावना' टाकलं. वेबसाइटने कुठे पुरावा मागितला होता!

"तुमचं नाव काय, मावशी?"

आईने कुंदनच्या पाठीकडे पाहिलं.

"भावना."