विहिणीच्या घरचं पाणी

मार्गासनीच्या थांब्यावर नूतन एसटीची वाट बघत बसली होती. शेजारी एक नवी नवरी आईला गाडीत बसवून द्यायला आली होती.

"सासूबाईंनी ताक दिलं, तू वाटी बाजूला सारलीस. पाण्याचा तांब्या दिला, त्योबी सारलास."

"जेवताना पाणी चालत न्हाई मला. डाक्टरांनी जेवल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलंय."

"मग तसं सांगायचं की."

"कशाचे डाक्टर, म्हणून विचारलं असतं. खाऊन खाऊन फुगले अन् वजन उतरवायला पोट कापून घेतलं, हे विहीणबाईंना सांगू व्हय?"

"त्यांना काय वाटलं, ठावं हाय? आमच्या घरचं पाणी हिला चालत न्हाई."

"वाटू दे."

"तू चाललीस घरी. मला तिथंच नांदायचंय."

आई पदरानं तोंड पुसून नूतनकडं वळली.

"ताई, घोटभर पाणी हाय का? आता चालंल मला."

नूतननं बाटली पुढं केली. बाई बारीक बारीक घोट घेत राहिली.

लेक बघत होती.

"एवढा येळ तिथं बसली असतीस, तर त्यांच्याच तांब्यातलं प्यायली असतीस."