फ्रिज आमचा नोहे जी

—नाई जी, तो फ्रिज आमचा नोहे. पोराचा आहे, स्वप्निलचा. त्याच्या खोलीत जागा नाई म्हनून इथं ठेवला. चालू आहे तं काय झालं, बंद ठेवला तं वास मारते ना! बसा, खुर्चीवर बसा. खुर्ची आमची आहे, ते लिहून घ्या पाहिजे तं. पानी? नाई? तुमी तहसीलचे लोक पानी बी पेत नाई, मागच्या खेपेचा बी असाच होता. आता 'तहसीलचा कोन?' असं तोंड नका करू जी. बॅग लटकवून गाडीवर आमच्या कुडवा गावात येनारा मानूस दारातच विचारते — रीता इथंच राहते का, घरी कोन कोन आहे, शिवनकाम करते ते खरं का — दुसरं कोन विचारन असं? पोरीले महिन्याले निराधारचा सरकारी पैसा मिळते, त्याची चौकशी आहे, मले समजत नाई का? ही रुख्मा येडी नाई.

शिवनकाम कायचं! कोनं सांगितलं, समोरच्या सुशिलाबाईनं? तिच्या तोंडाले लगाम नाई. रीताचा एक पाय लहानपनीच तापात गेला, कुबडीवर उभी राहिली तं बी मोठं. तुमच्या घरच्याईनं तिच्याजवळून ब्लाउज शिवून नेला? असन, चुकून शिवला असन. छान बसला? तेही चुकूनच. स्वयंपाक नाई, पानी नाई, दिवसभर पडून राहते — आता बी आत झोपूनच आहे. अंघोळ बी मीच घालते म्हना ना! असं लिहा. तिले काहीच येत नाई, आनि आमच्याजवळ काहीच नाई. तो पैसा तं केव्हाच गेला.

कोनता पैसा? पाहा, पुन्हा भोळ्यावानी विचारून राह्यले. तुमाले सारं ठाऊक आहे, माह्या तोंडून काढाले आले. तं ऐका. दवनीवाड्याची आमची शेताची बांधी नव्या रस्त्यात गेली. रीताच्या बाबानं मरायच्या पहिले ती तिच्याच नावानं केली होती — लोक हासले होते, लंगड्या पोरीले धानाची बांधी! — अन् रस्ता नेमका तिथूनच निघाला. सरकारनं मोबदला टाकला तिच्या खात्यात. दुसरी असती तं पेढे वाटले असते. मले धसका बसला. पटवाऱ्याले एवढा पैसा दिसला का निराधारचे बंद! म्हनून मी तो सारा स्वप्निलच्या खात्यात फिरवला. पोरगी गरीबची गरीब राहिली. यात काय चोरी आहे? तिनं सही केली ना. म्हनजे — करत नोहोती. म्हने, आई, निराधारचे बंद झाले तं होऊ दे, माह्या पैशानं मी दुकान टाकीन. दुकान म्हने! मी जेवन सोडलं, तवा केली सही.

तुमाले वाटन, मोठा पैसा सोडून ही बाई चिल्लर कायले धरून बसली? मोठा पैसा गुळावानी असते जी, मुंगळे लागते. पहिले फ्रिज आला, मंग गाडी आली, आता सून प्लॉट पाहून राह्यली. हिशोब विचारला तं स्वप्निल म्हनते, आई, तुले काय करा लागते? पोटचा पोरगा आहे, पन भरोसा नाई वाटत, काय करू? निराधारच्या पैशावर कोनी डोळा ठेवत नाई. मी मेल्यावर भाऊ विचारो का न विचारो, महिन्याले तिच्या हातात काहीतरी पडन. त्यातूनच माह्या बीपीच्या गोळ्या बी येते. मी तिले पोसून राह्यली का ती मले… ते नका लिहू.

अन् हे काय काढलं बॅगेतून? मी सही करनार नाई, सांगून ठेवते. फोटो? कोनाचा? तुमचा लहान भाऊ — उमेंद्र — बरं मंग? राईस मिलच्या पट्ट्यात हात गेला? अरेरे. त्याले निराधारचे मिळते का? नाई, मंग मले कायले दाखवता फोटो?

रीतासाठी?

तुमी तहसीलचे नोहे? मंग इतका वेळ चूप काऊन बसले जी! मी बोलूच दिलं नाई? वा! …थांबा, थांबा. आता समजलं. बांधीच्या पैशाचा वास लागला तुमाले. लंगड्या पोरीच्या दारात सोयरा फुकट येत नाई. काय म्हनता, पैशाचं आत्ता माह्याच तोंडून समजलं? सारे असंच म्हनते. उठा जी. ब्लाउज पाहून कोनी पोरगी मागते का? घ्या तुमचा फोटो, पोरगी द्यायची नाई आमाले. तिच्याच्यानं काहीच होत नाई, सांगितलं ना तुमाले, साधा चहा बी—

रीता, तू कायले आली बाहेर? एका हातात कुबडी, एका हातात कप, सांडन ना! कोनं सांगितला तुले चहा? — पाहू नका जी, हे आज पहिल्यांदाच — दे इकडं तो कप. दे म्हनते ना. त्याईलेच देशीन? …काय? सारं ऐकलं? अंघोळीचं बी?

अवो, तुह्यासाठीच बोलली मी ते. माये, तुह्याच पैशासाठी.

काय म्हनली? मी? मी आत जाऊ?