परसातली आरास

आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले नि झाँशीचेच होऊन गेले. कुठलं गाव, कुठला वाडा, आता कुणाला ठाऊक! घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की भैया नि जी, असंच आमचं चाललंय. मी रेल्वेच्या कारखान्यात ढलाईखान्यात होतो, मतलब काय, इंजिनाच्या भागांचे वाळूत साचे बसवायचे नि त्यात रसरशीत लोखंड ओतायचं, सगळा जन्म त्यातच गेला, बोटांची कातडी बघा, अजून खरखरीत आहे.

बायको गरौठ्याची, तिथल्या मराठी कारकुनाची मुलगी. मोहल्ल्यात तिला सगळे भौजी म्हणत, म्हणजे वहिनी. चैत्रात गौर बसवायची नि तिच्यापुढे आरास मांडायची हौस इतकी, काय सांगू तुम्हाला ताई, माजघरात मावेना म्हणून परसात कडुनिंबाखाली मांडायला लागली. मला म्हणाली, अहो, दिवसभर साचे करता, मला एक मोर करून द्या की. मी इंजिनाची राख, चुना, सिमेंट कालवलं, आत तार घातली नि दिला करून. मोराचं बदक झालं. ती हसून हसून खाली बसली, पण मांडला तिनं तोच, गौरीच्या एकदम पुढे. मग दरवर्षी एक. हत्ती झाला, झेंडीवाला गार्ड झाला, फुटक्या बांगड्या लावलेलं इंजिन झालं. लोकांची आरास गौर उठली की पेटीत जाते, आमची सिमेंटची, उचलणार कोण? राहिली तिथंच नि तिची बाग झाली. छावणीतले लोकसुद्धा बघायला यायचे नि तोंडावर रुमाल धरून हसायचे. हसू देत, म्हणायची, येतात ना!

ती कावीळ होऊन आठ दिवसांत गेली. फोटो काढायचा राहिला तो राहिलाच. मग मी तिलाच करायला घेतलं. सहा वेळा तोंड मोडलं, सातव्या वेळी ती आली. रडलो मी, खोटं कशाला बोलू.

पण चूक काय झाली सांगतो. आमच्या कामात आकार असतो, रंग नसतो, साच्याला कोण रंग देतं? सवाष्ण गेलेली बाई नि मी तिचं कपाळ मोकळं ठेवलं. चैत्रात पॉइंट्समनची बायको रामकली आली, तिनं ते कपाळ बघितलं नि मला न विचारता कुंकू लावलं. बरं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या, मग तेल आलं, शेंदूर आला, चुनरी आली. ओळख ना देख, पार बिजौली गावच्या बायका पोराचा ताप उतरू दे म्हणून हात जोडायला लागल्या. मी म्हणायचो, अहो ही देवी नाही, माझी बायको आहे. त्या मान हलवायच्या नि लावायच्याच. थरावर थर चढले, आधी डोळे बुजले, मग ओठ. एकदा लाकडाच्या चिपेनं खरवडायला गेलो तर शेंदराबरोबर भुवईच निघून आली हातात. मग मात्र डोकं फिरलं माझं. पुढच्या चैत्रात मी परसाच्या दाराला आतून कडी लावली.

रामकली बाहेर पायरीवर बसून राहिली, उठेचना. मी आतूनच ओरडलो, माझ्या बायकोची देवी केलीत तुम्ही, मला एवढा एकच चेहरा होता, तोही पुसलात. ती शांतपणे म्हणाली, बब्बा, देवी नइयां, हमाई भौजी आंय, हम का जानत नइयां? म्हणाली, देवी नाही, आमची भौजी आहे ही, आम्ही काय ओळखत नाही? दुसऱ्या गल्लीतल्यांचं त्या जाणोत, आम्हाला ठाऊक आहे कोण ते. तुमच्या मराठ्यांच्या घरी हळदीकुंकवाला आमच्या जातीच्या बायकांना कोण बोलावत होतं? भौजी हात धरून आत न्यायची, आधी आम्हाला लावायची नि कपाळ पुढे करायची, आता तू लाव म्हणून. संकोचानं आमचाच हात तिच्या कपाळापर्यंत कधी गेला नाही, बब्बा. ती होती तोवर नाही लावलं, ते आता लावतो.

मला हे ठाऊकच नव्हतं हो. मी कारखान्यात असायचो, संध्याकाळी घरी येऊन उरलेली आंब्याची डाळ खायचो, बाईमाणसांचं काय चाललंय हे कोण विचारतो? उठलो, कडी काढली.

आता बघा, नुसता शेंदराचा गोळा राहिलाय. तिचा चेहरा आता माझ्याच डोळ्यांत आहे नि तो माझ्याबरोबर जाणार. वाईट वाटतं, रोज वाटतं. पण कडी नाही लावत. तुम्ही इतक्या लांबून आलात, लावा तुम्हीही, संकोच करू नका, सुखी राहा. फक्त नाकावर जरा कमी लावा ताई, नाक फार सुरेख होतं तिचं.