गाळलेलं वाक्य

सासूबाई : पर्स तरी खाली ठेव आधी. नोकरी काय अशी दारात उभी राहून सोडतात?

सून : सोडतेच आहे, आई. फोन करून सांगते, उद्यापासून येत नाही. त्यांनी काढण्याआधी आपण निघालेलं बरं.

सासूबाई : महिनाभर तुला पारखून बघणार होते, तो महिना उद्या संपतोय आणि तू आज पळतेस. झालं काय, ते नीट सांग.

सून : पाचच्या बातम्या. तो पुराचा अधिकारी इतका भरभर बोलत होता की मी चार ओळी मागे पडले. कानात त्याचं पुढचं, बोटांत मागचं. शेवटी एक अख्खं वाक्य गाळलं आणि त्याला गाठलं. मॅडम म्हणाल्या, ऐकू न येणाऱ्यांसाठी ओळी आहेत त्या, बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर खाली उमटलाच पाहिजे, उद्या काय ते बोलू.

सासूबाई : एकच वाक्य? अगं, गिरणीतल्या मागांनी यांचे कान नेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून टीव्हीला पाठ करून, यांच्याकडे तोंड करून बातम्या मीच सांगायचे. निम्म्या गाळायचे. भाजी करपायला लागली की त्या दिवशी जगात काही घडायचंच नाही.

सून : तुम्हाला कोण काढणार होतं?

सासूबाई : तेच तर दुखणं. या कॉम्प्युटरने सुटले बाई. आपल्या टीव्हीवर ओळी येत नव्हत्या, यावर तुझ्या येतात. मध्येच गोल गोल फिरत बसतं, तेवढ्यात माझा चहा होतो.

सून : त्या ओळी मी लिहिते, हे बाबांना अजून कळलं नाही ना?

सासूबाई : मी कशाला सांगू? तुला काम लागलं तेव्हा म्हणाले होते, दुसऱ्याचं बोलणं टाइप करायचं, हे काय काम झालं? म्हटलं, आधी पक्की होऊ दे, मग बघते यांच्याकडे.

सून : आता राहिलंच ते. आणि बाबा हे काय लावून बसलेत? हे पाचचंच आहे ना?

सासूबाई : तिसऱ्यांदा चाललंय. मागे नेऊन परत बघता येतं, हे तुझ्या नवऱ्याने शिकवलं आणि माझी संध्याकाळ गेली.

सून : बंद करा ना, आई. माझी चूक घरातही तीनतीनदा बघायची का?

सासरे : (मोठ्याने, पडद्यावरून नजर न काढता) अगं, इकडे ये. हिलाही आण. या माणसाचे ओठ बघा.

सासूबाई : चल. त्यांच्या समोर उभी राहा, तोंड दिसलं पाहिजे त्यांना.

सासरे : 'यंत्रणा सज्ज आहे' म्हणतोय. एकाच बोलण्यात तिसऱ्यांदा. आणि खाली ओळच नाही. सरळ गाळलंय.

सून : आई, बाबांनी ओठांवरून पकडलं. ऑफिसात एकट्या मॅडमच्या लक्षात आलं होतं.

सासरे : मला वाटलं, चुकलं असेल. मागे नेऊन बघितलं. तर पुढची ओळ बघ, 'खालचा पूल सहाला बंद'. अगदी वेळेवर. ही त्याची यंत्रणा लिहीत बसली असती, तर पूल राहिला असता मागे.

सासूबाई : ते वाचून तर ओरडले, पोराला फोन लाव म्हणून. तुझा नवरा तिकडेच निघाला होता. आता वरच्या रस्त्याने येतोय, म्हणून उशीर.

सून : मला कुणी सांगितलं नाही हे.

सासूबाई : तू सांगू दिलंस? राजीनामा घेऊनच आत आलीस.

सून : पण आई, बाबा 'ही' कुणाला म्हणाले? विचारा ना त्यांना.

सासरे : तिला काय विचारतेस? माझ्याकडे बघून विचार. सावकाश.

सून : बाबा, या ओळी कोण लिहितं, माहीत आहे तुम्हाला?

सासरे : सोमवारी तू तापाने पडून होतीस. सोमवारच्या ओळी नुसत्या धापा टाकत होत्या. मंगळवारी तू गेलीस, ओळी ताळ्यावर. चाळीस वर्षं माग चालवलेत मी. कापड बघून सांगायचो, कुणाच्या हातचं आहे.

सासूबाई : आणि मला बोलला नाहीत?

सासरे : तुम्ही दोघी इतक्या निगुतीने लपवत होतात, म्हटलं चालू दे.

सून : पण बाबा, मॅडमना प्रत्येक शब्द हवा आहे.

सासरे : हवाच. त्यांचं बरोबर आहे. उद्या जा आणि सांग, हात अजून बसतोय, बसेल. आणि हेही सांग, की आमच्या घरी एक माणूस बसतो, त्याला तेवढ्या वेळात पुलाची ओळ लागत होती. तुला काम लागलं तेव्हा मी बोललो, ते काम न बघता बोललो.

सासूबाई : अकरा वर्षं घसा कोरडा केला, मला कधी इतकं बोलले नाहीत.

सासरे : काय म्हणतेय ही?

सून : खूश आहेत त्या, बाबा.

सासरे : मग उद्या पाचच्या आत इथलं आवरून ठेवायला सांग तिला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावलंय मी, बातम्या बघायला.

सून : त्यांना तर चांगलं ऐकू येतं.

सासरे : माहीत आहे. आवाज बंद ठेवणार आहे मी.