पेला रिकामा करू नये

मला सांगा, समोरच्याचा एक शब्दही कळत नसेल तर भरवसा कशावर ठेवायचा? मी चेहऱ्यावर ठेवला.

इथे परदेशात, सँडरिंगहॅमच्या माझ्या दुकानातून आसामच्या जुनाली तांदूळ नेतात. परवा पोतं पोचवायला गेलो. संध्याकाळी घरी सत्यनारायण होता, पूजेला मीच बसणार होतो. दारात जुनालींच्या आई. त्यांना फक्त मिसिंग, म्हणजे त्यांची आसामकडची भाषा, येते. हसत हसत त्यांनी पेलाभर पांढरं, गार काहीतरी दिलं. मला वाटलं, पेज. आपल्याकडे उष्टं टाकत नाहीत, म्हणून मी पेला रिकामा केला. त्यांच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी भरला. असं बराच वेळ चाललं. त्या मिसिंगमध्ये, मी मराठीत, पण गप्पा काय रंगल्या!

इतक्यात जुनाली आल्या आणि हिंदीत ओरडल्या, "काका, ही तांदळाची दारू आहे!"

त्यांनीच फोन करून आमच्या हिला बोलावलं. पेल्याकडे बोट दाखवत हिने विचारलं, "किती झाले?"

मी दोन बोटं वर केली. शेजारी बसलेल्या जुनालींच्या आईंनी मोठ्या कौतुकाने अख्खा पंजा दाखवला.

पूजेला मेहुणा बसला. तेव्हा मंडळी, पाहुणचाराचा हिशेब खरा सांगत जा. वाढणारी मोजत असते.