कव्हरावरची भिंगरी

अहो, तसं नाही — बसा, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे बसा — तुमच्या रसिक मंडळाबद्दल मला आदर आहे, नसता तर मी दारच उघडलं नसतं. पण एका रेकॉर्डच्या कव्हरावर, मागच्या बाजूला, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत 'व्हायोलिन – भिंगरी' असं छापलंय, आणि त्यावर चांगल्या शिकलेल्या माणसांनी अडतीस वर्षं खल करावा, म्हणजे कमाल आहे. कुणी म्हणतं ते संगीतकाराचंच टोपणनाव, कुणी म्हणतं घरातून पळून आलेली कुणी श्रीमंताची मुलगी, आणि मागच्या अंकात तर कुणीतरी लिहिलं की भिंगरी नावाचं माणूसच नव्हतं, ते एक यंत्र होतं. ते यंत्राचं पत्र माझं. हो, माझंच, 'एक वाचक' म्हणून पाठवलं होतं. विमान अपघातात गेलेल्या वादकाचंही माझंच. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय — सकाळी पेपर, दुपारी शब्दकोडं, आणि तीन महिन्यांनी तुमचा अंक. त्या विमानावर साडेतीन पानांचा लेख तुम्हीच लिहिला होतात ना? तळटीपांसकट? फार छान होता. वाचून मलाच क्षणभर वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

असू दे, रागावू नका. काय कागद आणलाय तो द्या इकडे. 'मी, रेकॉर्ड कंपनीचा निवृत्त कारकून, लिहून देतो की सदर रेकॉर्डवरील भिंगरी म्हणजे' — हे आपले मोठे व्हायोलिनवाले. आलं लक्षात. रेकॉर्ड पुन्हा निघतेय, सोमवारी कव्हर छपाईला जाणार, आणि त्यांनी मुलाखतीत सांगून टाकलंय की भिंगरी मीच होतो. आता कव्हराचा मजकूर टाइप करणारा मी एकटाच शिल्लक, म्हणून माझी सही, की झालं, टोपणनाव जाऊन खरं नाव छापायला मोकळे. करतो की. सहीला काय लागतं. जन्मभर तेच केलं. पेन माझं आहे, तुमचं नको.

फक्त एक बारीकशी गोष्ट — म्हणजे तुमचं काही अडत नाही त्यानं — ते त्या दिवशी वाजवायला नव्हते. आले होते, नाही असं नाही. स्टुडिओ तळमजल्यावर, आमचं ऑफिस वर. हे गृहस्थ आधी वर आमच्याकडे यायला निघाले, लिफ्टचं सरकतं दार ओढायला गेले आणि दोन बोटं त्यात अडकवून बसले. डाव्या हाताची. मग काय वाजवणार? बोटं बर्फात घालून घरी गेले, व्हायोलिन तिथंच ठेवून. संगीतकार बोळात येरझाऱ्या घालतायत, गायिका तोंड फुगवून बसलीय, आणि त्याच वेळी आमची ही माझा विसरलेला चष्मा द्यायला आलेली — ती आपली सहज म्हणाली, 'मला येतं थोडं.' थोडं म्हणजे लग्नाआधी नऊ वर्षं शिकलेली. आमच्याकडे आल्यावर सुटलं. व्हायोलिनला घरात जागा नव्हती. म्हणजे होती, कपाटावर.

हे मी का सांगतोय तुम्हाला? बरं, आता निघालंच तोंडून. तर तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ठक् ठक् असा आवाज येतो बघा, ज्याला तुमच्या मंडळानं 'सांकेतिक संदेश' म्हटलंय आणि ज्याचा कुणी इंजिनिअरनं तक्तासुद्धा काढलाय — ती आमच्या हिची टाच आहे. ताल धरते. भांडी घासतानासुद्धा धरते. त्या इंजिनिअरसाहेबांना म्हणावं, संध्याकाळी या, संदेश रोज येतो. आणि भिंगरी म्हणजे तिचं माहेरचं लाडाचं नाव, तिचे वडील हाक मारायचे. बाकी गूढ वगैरे काही नाही.

मग खरं नाव का नाही घातलं? अहो, नियम. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला कंपनीच्या रेकॉर्डवर घ्यायचं नाही, नाव कव्हरावर छापायचं नाही. परिपत्रक क्रमांक सतरा. माझा नाइलाज होता. तिलाही मी तेच सांगितलं, आणि तिनं लगेच मानलं, शहाणी आहे. म्हणाली, मग भिंगरी घाला, तेवढं तरी. संगीतकारांनी नंतर दोनदा निरोप पाठवला, वहिनींना पाठवा, पुढची रेकॉर्ड आहे — त्यांनाही मी नियमच — काय काढताय पिशवीतून? झेरॉक्स? परिपत्रक सतराची? वा. तुमच्या मंडळाला काही कामधंदा आहे की नाही? नाही, टाइप माझाच आहे, तो 'क्ष' बघा, कायम अर्धा उठायचा. तारीख? तारखेचं काय त्यात. रेकॉर्डिंग मार्चमधलं, बरोबर. परिपत्रक — जुलै.

पाणी हवंय? मला हवंय.

हुशार आहात. अडतीस वर्षांत ही तारीख कुणी बघितली नाही, आणि तुम्ही, विमानवाले, बघितलीत. तर असं आहे, की नियम नव्हता. मी तिला सांगितला तेव्हा नव्हता. संगीतकारांच्या पहिल्या निरोपालाही नव्हता. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, दाखवा बघू तुमचा नियम. आता आली का पंचाईत. मग मी एका दुपारी बसलो आणि केला. चार ओळींचा. मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला, वर पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज, खाली रजेचा, मध्ये हा. साहेब कागद वाचत नसत, फुल्या केलेल्या जागी सही करत. फुल्या मी करायचो. म्हणजे मी खोटं बोललो असं नाही, जरा लवकर बोललो एवढंच — असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. कारकुनाला हे जमतं. पण त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. कंपनीत वीस वर्षं कुणाची बायको, कुणाची बहीण वाजवू शकली नाही. मी रिटायर झालो तरी नियम चालूच होता. चांगला मसुदा होता.

का केलं? तुम्ही फार विचारता. त्या दिवशी ती स्टुडिओतून बाहेर आली ना, तेव्हा अख्खं ऑफिस जिन्यात उभं होतं. टाळ्या वाजवत. आणि आमचा शिपाई, अकरा वर्षं मला साहेब म्हणणारा माणूस, मला कोपरानं ढोसून म्हणाला, 'तुम्ही ह्या बाईंचे मिस्टर होय?' झालं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तिला यातलं काही माहीत नाही. अजून म्हणते, नियम होता, तुम्ही तरी काय करणार. गेल्या आठवड्यात ती मुलाखत पेपरात आली. तिनं पूर्ण वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, 'बरं झालं, भिंगरीला शेवटी कुणीतरी मिळालं.' आणि आत गेली. मी शब्दकोड्यात तोंड घालून बसलो. त्या दिवशी एक शब्द सुटला नाही.

द्या तो कागद. मोठ्या व्हायोलिनवाल्यांचं नाव खोडतोय मी. त्यांना राग येईल, येऊ दे, त्यांना म्हणावं, बोटं दाखवा. आणि वर हे लिहितो — तिचं नाव, वडिलांचं नाव, लग्नाआधीचं आडनाव. कारण शिकली ती त्या नावानं. सही. आणि खाली तारीख, आजची, खरी. तुम्ही बघताच तारखा. सोमवारी प्रूफ तुम्ही स्वतः तपासा, छापखान्यावर सोडू नका. अक्षरं मुंगीएवढी नकोत.

लिफ्ट आली वाटतं. तीच असेल, या वेळेला बाजार करून येते. नाही, तुम्ही थांबू नका. तुम्ही असलात तर ती तुम्हाला चहा करत बसेल, आणि मी गप्पा मारत बसेन, आणि राहून जाईल. हे मला एकट्यालाच सांगायचंय. उठा. जिन्यानं जा. दार लोटू नका मात्र, तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात.